पडद्यावरची पाल

३ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टर म्हणाले, "वानखडे, रक्तदाब गोळीने उतरेल, पण चिडचिड गोळीने उतरत नाही. राग आला की बोलू नका, लिहून काढा." म्हणून ही डायरी. ऑफिसातून मिळालेली आहे, मागच्या वर्षीची. वार जुळत नाहीत, ते रोज खोडून दुरुस्त करावे लागणार. म्हणजे रागाची सोय पहिल्याच ओळीत झाली.

आज नव्या संचालकांनी बोलावलं. इंद्रजित बक्षी. माझ्यापेक्षा वयाने बरेच लहान, हातावर पावलं मोजणारं घड्याळ. मला वाटलं, पेन्शनच्या नियमांचं जे संकलन मी दोन वर्षं खपून केलं आणि जे त्यांच्या टेबलावर डिसेंबरपासून पडलंय, त्याबद्दल काही विचारतील. ते म्हणाले, "वानखडे जी, सुना है वो छिपकली आपकी है?"

माझीच आहे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी ऑफिसने आम्हाला संध्याकाळच्या कॉम्प्युटर क्लासला पाठवलं होतं. शिकलेलं विसरू नये म्हणून मी एक लहानसा प्रोग्राम लिहिला. माणूस काम करत बसला की थोड्या वेळाने पडद्याच्या कोपऱ्यातून एक पाल निघते, तिरपी चालत पलीकडे जाते आणि नाहीशी होते. एवढंच. फाइलला हात लावत नाही, काही बिघडवत नाही. तेव्हा लोक दचकायचे, मग हसायचे. ते हसणं महिन्याभरात संपलं, नाव मात्र चिकटलं. दिल्लीत तीस वर्षांची नोकरी. रजा, बढती, पेन्शन, सगळे नियम तोंडपाठ. आणि ह्या इमारतीत माझी ओळख काय, तर 'छिपकलीवाले साहब'.

बक्षीसाहेब एक एप्रिलपासून 'तणावमुक्त कार्यालय सप्ताह' साजरा करणार आहेत. "इसको थोड़ा इम्प्रूव कीजिए. हर कम्प्यूटर पर चलाएँगे. लोग हँसेंगे, यार. लोग हँसते ही नहीं यहाँ."

मी "जी सर" म्हणालो. तीस वर्षांत दुसरं काही म्हणालेलो नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

जुना प्रोग्राम नव्या कॉम्प्युटरांवर चालतच नाही. स्टोअरमध्ये कॉम्प्युटरचा एक पुराणा डबा सापडला, त्यावर चालला. इतक्या वर्षांनी बघून माझी मलाच लाज वाटली. चार पाय कुठून तरी चिकटवल्यासारखे, आणि चालणं म्हणजे कोणी दोरीने ओढत नेल्यासारखं.

घरी येऊन रुचिताला दाखवला. आमची मुलगी ग्रेटर नोएडाच्या कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घरात इंजिनिअर असताना मी कशाला डोकं फोडून घेऊ?

ती म्हणाली, "बाबा, ही छिपकली नाहीये, ही भेंडी आहे."

"पाल म्हण. मराठीत पाल म्हणतात."

"पाल. ही पाल भेंडी आहे."

करशील का विचारलं तर खांदे उडवले. "बघते. पण कोड मी नाही लिहिणार. अंकुर लिहील, वर्गातला. मी फक्त पाल करते."

कोडच लिहायचा नसेल तर इंजिनिअरिंगला कशाला घातली, असं तोंडावर आलं होतं. लिहून काढतोय.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आठवडा झाला, एक पाय तयार झालाय. एक. त्या अंकुरने म्हणे सगळा कोड एका दुपारीच लिहून दिला. मी विचारलं, बाकीचे तीन पाय कधी? तर म्हणे, "बाबा, मागचा पाय आणि पुढचा पाय एकदम नाही उचलत ती. आधी बघायला लागेल ना."

"मग बघ."

"कुठे बघू? ह्या टॉवरमध्ये एक तरी आहे का?"

हे खरं. आमचं सरोजिनी नगरचं जुनं क्वार्टर पाडून सरकारने हे मनोरे उभे केले. सातव्या मजल्यावर भिंती इतक्या गुळगुळीत की त्यांच्यावर कॅलेंडरसुद्धा टिकत नाही. जुन्या घरात ट्यूबलाइटमागे एक पाल पिढ्यानपिढ्या असायची. आणि थंडीत त्या बाहेर येत नाहीत, हे वेगळंच. होळीच्या सुमारास निघतील. माझा प्रोग्राम होळीची वाट बघत थांबणार.

विजयालक्ष्मीला म्हणालो, तू आई आहेस, पोरीला समजाव. ती म्हणाली, "करू द्या तिला. हल्ली जेवते तरी नीट."

ह्याचा पालीशी काय संबंध, देव जाणे.

१९ फेब्रुवारी, बुधवार

समिती स्थापन झाली. पालीसाठी समिती! अध्यक्ष स्वतः संचालक, सदस्य-सचिव मी. आजच्या बैठकीतल्या सूचना माझ्या मनःशांतीसाठी इथे उतरवतो. राजभाषा विभाग: प्रोग्रामचं नाव 'गृहगोधिका' असावं. दक्षता विभाग: पाल येण्याआधी पडद्यावर पूर्वसूचना यावी, आणि कर्मचाऱ्याने 'सहमत' दाबल्याखेरीज तिने निघू नये. लेखा विभाग: अंगावर पाल पडणं अशुभ मानतात, तेव्हा ती पडद्याच्या वरच्या कडेवरून येऊ नये. कोणीतरी म्हणालं, महिला कर्मचारी घाबरतील, फुलपाखरू चालणार नाही का?

माझ्या शेजारच्या टेबलावर चंद्रप्रभा नेगी बसतात. गढवालच्या, पुढच्या वर्षी रिटायर होतील. समितीत त्यांना महिला प्रतिनिधी म्हणून घेतलंय. त्या म्हणाल्या, "मैं छिपकली से नहीं डरती. मुझे तो सुबह अँगूठा लगाने वाली मशीन से डर लगता है."

सगळे हसले. मी ते इतिवृत्तात घेतलं नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज घाईत रुचिताचं मेट्रोचं कार्ड खिशात आलं. ऑफिसला पोचल्यावर कळलं. मागच्या महिन्यात मी भरलं होतं, ते सगळं तसंच्या तसं शिल्लक. म्हणजे मैत्रिणींच्या गाडीतून वगैरे जात असणार. आजच्या काळात इतकी काटकसरी मुलगी कोणाची आहे? चिडचिडीच्या वहीत एक चांगली गोष्ट लिहायला मिळाली.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

रुचिताला पाल सापडली! हिंदूराव हॉस्पिटलजवळ रिजच्या टेकडीवर जुन्या पडक्या भिंती आहेत, तिथे दुपारी ऊन खायला येतात म्हणे. फोनवर तासभर व्हिडिओ काढून आणलाय. तासभर नुसती बसलेली पाल. मी म्हणालो, ही तर हलतच नाही.

"हलते ना. गळा बघा."

ग्रेटर नोएडाहून घरी येताना हिंदूराव कसं लागतं, हे काही मला कळलं नाही. हल्ली मेट्रोचे इतके रंग झालेत की कोण कुठून कुठे निघेल सांगता येत नाही. विचारणार होतो, तेवढ्यात विजयालक्ष्मीने चहा पुढे केला आणि पालीला आवाज आहे का, असं विचारलं. तिला कधीपासून पालीत रस?

आवाजाचा विषय निघाला म्हणून मी रुचिताला सांगितलं, पाल चुकचुकते.

"चुकचुकते म्हणजे?"

इंजिनिअर होणार, आणि चुकचुकणं माहीत नाही. दोष आमचाच, दिल्लीत वाढवली. मी तोंडाने करून दाखवलं. तिने ते पण रेकॉर्ड केलं. "बाबा, एकदा अजून. जरा कमी रागात."

आता पडद्यावरच्या पालीला माझा आवाज आहे. हे ऑफिसात कोणाला कळता कामा नये.

११ मार्च, मंगळवार

आज पालीची चाचणी झाली. आधी आमच्याच विभागात तपासायची असं ठरलं होतं. मी कोणाला न सांगता ती फक्त चंद्रप्रभाजींच्या कॉम्प्युटरवर टाकली.

काल रात्री जेवणानंतर रुचिताने मला पूर्ण झालेली पाल दाखवली होती. मी "बरी आहे" म्हणालो. तिने विचारलं, "बरी म्हणजे?" मी म्हणालो, बरी म्हणजे बरी. खरं तर मला पुढे बोलताच येईना. ती पाल पडद्याच्या कडेतून आधी नुसतं तोंड काढते. थांबते. खिडक्यांच्या चौकटी चाचपत तीन-चार पावलं टाकते, पुन्हा थांबते, आणि थांबली की गळा हलतो, इवलासा, भराभर. खाली सावली पडते, तीही थोडी मागे-मागे येते. माउसचा बाण जवळ नेला तर दचकते, आणि शेपूट तिथेच वळवळत टाकून पळते. मी खुर्चीतून मागे सरकलो होतो. माझीच पाल.

चंद्रप्रभाजी सकाळी टिपण टाइप करत होत्या. त्यांनी पालीकडे बघितलं, शांतपणे चप्पल काढली आणि पडद्यावर हाणली. पडदा वाचला. दणक्याने माउस सरकून बाण जवळ गेला, तशी पाल शेपूट टाकून पळाली, आणि माझ्या आवाजात चुकचुकली. सगळा विभाग उभा राहून बघत होता. मग जे हसू फुटलं! शेजारच्या विभागातून लोक आले, त्यांना दाखवलं, ते हसले. चंद्रप्रभाजी डोळे पुसत हसत होत्या. मग एकदम गप्प झाल्या, पडद्याच्या अगदी जवळ जाऊन म्हणाल्या, "वानखडे जी, ये बनाई किसने? इसकी तो साँस चल रही है."

"घर पे बनवाई," मी म्हणालो.

संध्याकाळी रुचिताला हे सगळं सांगावं, असं मनात होतं. पण घरी आलो तर ती झोपली होती, संध्याकाळी सात वाजता. कॉलेजचा ताण असेल.

१३ मार्च, गुरुवार

बक्षीसाहेबांनी पाल पाहिली. दोनदा दचकले. "वानखडे जी, आपने तो कमाल कर दिया!" आणि सगळ्यांसमोर हात मिळवला. मी गप्प राहिलो. प्रकल्प माझ्या नावावर आहे, कार्यालयीन आदेशात माझं नाव आहे, असं मी मनाला सांगितलं. मनाने ते काही फारसं ऐकलं नाही.

पण सुख संपलं. समितीने तासभर चर्चा करून ठरवलं की पाल छान आहे, फक्त ती 'निगेटिव्ह' वाटते. पूर्वसूचनेची चौकट हवी. शेपूट तुटणं हिंसक आहे, ते काढावं. आणि बक्षीसाहेबांची स्वतःची सूचना: "छिपकली मुस्कुराती हुई होनी चाहिए. हैप्पी छिपकली."

मी "जी सर" म्हणालो.

१७ मार्च, सोमवार

रुचिता नाही म्हणते. सरळ नाही.

"बाबा, पाल हसत नाही. ओठच नसतात तिला."

"चित्रच आहे ना? दोन रेघा वर वळवायच्या."

"मग ती परत भेंडी होईल."

"ऑफिसची ऑर्डर आहे."

"तुमच्या ऑफिसची. माझ्या नाही."

विजयालक्ष्मी मध्ये पडली म्हणून थांबलो. लिहून काढा म्हणे. काय काय लिहून काढू? इकडे संचालकाला पाल हसरी हवी, तिकडे मुलगी ऐकत नाही, आणि मधल्यामध्ये मी.

१९ मार्च, बुधवार

दुपारी कॉलेजातून फोन आला. मी रुचिता वानखडेचा पालक बोलतोय का. हजेरी इतकी कमी आहे की परीक्षेचा अर्ज घेता येणार नाही. मी म्हणालो, काही तरी चूक आहे, ती रोज येते. पलीकडची बाई म्हणाली, "सर, ये दिवाली के बाद से आई ही नहीं है."

आज जास्त लिहीत नाही.

२० मार्च, गुरुवार

बोललो. डॉक्टरांचं ऐकलं नाही. आवाज सातव्या मजल्यावरून खाली गेटपर्यंत गेला असेल.

तिने काहीच नाकारलं नाही. तेही एक चीड आणणारंच. दुसऱ्या वर्षापासून विषय मागे राहिलेत. दिवाळीनंतर एके दिवशी मेट्रोत बसली, आणि तिच्याने उतरवलंच नाही, शेवटच्या स्टेशनपर्यंत जाऊन परत आली. मग जाणंच सोडलं. मी ऑफिसला निघेपर्यंत डबा घेऊन तयार बसायची, आणि मी गेलो की डबा घरीच खायची.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं कुठे?"

"रोज विचारतो! कॉलेज कसं चाललंय, रोज विचारतो!"

"आणि मी म्हणते, चाललंय. ते चाललंच होतं, बाबा. मीच नव्हते जात."

मी विजयालक्ष्मीकडे वळलो. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. मला वाटतं, मुलीने लपवलं त्यापेक्षा ते मला जास्त लागलं.

"तुला माहीत होतं?"

"दिवाळीनंतर लगेच. जानेवारीत तर नुसती भिंतीकडे तोंड करून पडून असायची दिवसभर. धड खायची नाही, आंघोळ नाही. तुम्हाला सांगितलं असतं तर तुमचं बीपी... आणि मग तुम्ही ती पाल आणलीत. त्या दिवसापासून उठून बसायला लागली. मी म्हटलं, हे काम होईपर्यंत तरी कोणी काही बोलू नये."

आमच्या घरात पदवी म्हणजे काय, हे ह्या दोघींना कसं सांगू? माझे वडील अमरावतीला सूतगिरणीत होते. मी बी.ए. झालो तेव्हा त्यांनी ते प्रमाणपत्र काच लावून बाबासाहेबांच्या फोटोखाली टांगलं. आल्यागेल्याला वाचायला लावायचे, स्वतःला वाचता येत नव्हतं तरी. आणि माझी मुलगी डबा घरी खात होती.

२२ मार्च, शनिवार

दोन दिवस घरात कोणी कोणाशी बोलत नाही. मंगळवारी समितीची शेवटची बैठक. तिला सांगायचं नाही असं ठरवलं आणि पालीला हसवायला मीच बसलो. रुचिताने चित्रं ऑफिसला पाठवताना मलाही पाठवली होती.

मला वाटलं होतं दहा-बारा असतील. चालण्याचीच एवढी आहेत की मी मोजणं सोडून दिलं. एकेक चित्र आधीच्यापेक्षा केसभर वेगळं. नुसत्या थांबण्याची किती तरी. मी तोंडाच्या कडेला दोन रेघा वर वळवल्या. एका चित्रात कशाबशा जमल्या. चालवून बघितलं तर त्या एका क्षणापुरती पाल खदकन हसायची आणि परत गंभीर व्हायची. सगळ्या चित्रांत वळवायला घेतल्या, तर मान वाकडी दिसायला लागली. मान सरळ केली, तर गळा बंद पडला.

दुपारपर्यंत मी ती पाल पुरती मारून टाकली.

मला खूप राग आला, पण कोणाचा ते कळेना. डॉक्टरांनी सांगितलेल्या पद्धतीने लिहायला बसलो, तर एवढंच लिहिता येतंय: थांबलेली पाल काढायला तिला हिंदूरावला उन्हात तासभर बसावं लागलं, आणि मी 'बरी आहे' म्हणालो.

२५ मार्च, मंगळवार

बैठकीत मी मूळ पालच दाखवली. बक्षीसाहेब म्हणाले, "मुस्कुराने का क्या हुआ?"

"सर, ये नहीं मुस्कुराएगी."

 माझा स्वतःचाच आवाज मला ओळखू येईना.

"क्यों भई?"

"छिपकली के होंठ नहीं होते, सर." कोणीतरी हसलं. मी थांबलो नाही, थांबलो असतो तर परत "जी सर" म्हणालो असतो. "और ये मैंने नहीं बनाई. मेरी बेटी ने बनाई है. वो कहती है, ऐसे ही रहेगी. मैंने ख़ुद बदल के देखा, मर जाती है."

चंद्रप्रभाजी म्हणाल्या, "सही कह रही है बच्ची."

बक्षीसाहेब वाईट माणूस नाही. त्यांनी पाल पुन्हा एकदा चालवली, शेवटपर्यंत पाहिली, आणि म्हणाले, "बहुत टैलेंटेड है आपकी बेटी. लेकिन हफ़्ता मुझे चलाना है, वानखडे जी. ऊपर क्या बताऊँगा, लोग डर के हँस रहे हैं?" फुलपाखराचा ठराव पाच मिनिटांत पास झाला. कॉम्प्युटरच्या कंत्राटदाराकडे तयार आहे म्हणे.

इतिवृत्त मीच लिहिलं. पालीचा विषय बंद.

घरी सांगितलं. रुचिताने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग विचारलं, "तुम्ही खरंच असं म्हणालात? डायरेक्टरला?"

"हो."

"काय म्हणालात, परत सांगा."

तीनदा सांगायला लावलं.

२८ मार्च, शुक्रवार

रजा टाकून रुचिताला घेऊन कॉलेजला गेलो. विभागप्रमुख भेटले. तक्रारीचा सूर अजिबात नाही, उलट मला समजावत होते. "टेंशन मत लीजिए. मेडिकल लगा दीजिए. पीलिया, टाइफ़ॉइड, कुछ भी. सब करते हैं. हम अटेंडेंस ठीक कर देंगे." आणि कोरा अर्ज माझ्यापुढे सरकवला.

तीस वर्षं मी काविळीची असली सर्टिफिकिटं नामंजूर केलीत. पण खरं सांगायचं तर पेन माझ्या हातात होतं आणि टोपण काढलेलं होतं. एक कागद, आणि सगळं पुन्हा रुळावर. दीड वर्ष काढायचं, पदवी भिंतीवर लागणार.

मी रुचिताकडे बघितलं. ती खिडकीतून बाहेर बघत होती. विजयालक्ष्मी म्हणाली होती तसा चेहरा, भिंतीकडे वळल्यासारखा. जानेवारीत मी हा चेहरा रोज बघितला असेल, आणि 'कॉलेज कसं चाललंय' विचारून पेपर उघडला असेल.

मी तिला मराठीत विचारलं, "तुला परत यायचंय का इथे?"

ती दचकली. "काय?"

"यायचंय का? मी सही करतोय म्हणून नाही. तुला स्वतःला."

"नाही, बाबा."

"मग काय करायचंय?"

"तेच."

"पाली?"

"पाली असं नाही. काहीही. हलणारं काहीही." आणि मग भराभर, एका दमात: नोएडात एक छोटा स्टुडिओ आहे, कार्टून-सिनेमांचं काम घेतात, तिने त्यांना पाल पाठवली होती, त्यांनी तीन महिने बघू म्हणून बोलावलंय, पैसे अगदीच थोडे आहेत, आणि मला कसं सांगावं ते तिला कळत नव्हतं.

विभागप्रमुख दोघांकडे आळीपाळीने बघत होते. "क्या कह रही है?"

मी पेनाला टोपण लावलं. "कह रही है, उसे पीलिया नहीं हुआ था."

 मी बरोबर केलं की नाही, मला माहीत नाही. वडील असते तर काय म्हणाले असते, हा विचार दिवसभर डोक्यात आहे. विजयालक्ष्मीला सांगितलं तेव्हा ती स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी होती.

१ एप्रिल, मंगळवार

तणावमुक्त कार्यालय सप्ताह सुरू झाला. सकाळी प्रत्येकाच्या पडद्यावर चौकट आली: 'आपके स्क्रीन पर एक तितली आने वाली है. क्या आप सहमत हैं?' बहुतेकांना वाटलं व्हायरस आहे. त्यांनी 'असहमत' दाबलं. दुपारी परिपत्रक निघालं की सर्वांनी सहमत व्हावं.

चंद्रप्रभाजी सहमत झाल्या. निळं फुलपाखरू आलं, एक चक्कर मारून गेलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि टिपण पुढे टाइप करायला घेतलं.

संध्याकाळी निघताना त्यांनी मला जिन्यात गाठलं. नातीने ह्या वर्षी शाळेत जायचं नाही असा हट्ट धरलाय, तिला पालीचा व्हिडिओ दाखवायचाय, मिळेल का? मी लगेच फोनवर पाठवला. खाली लिहिलं: कु. रुचिता वानखडे. मग 'कु.' खोडून नुसतं नाव ठेवलं, ते जास्त व्यावसायिक वाटलं.

१५ एप्रिल, मंगळवार

काल जयंती. तिघंही संसद मार्गावर जाऊन आलो, गर्दीत विजयालक्ष्मीची चप्पल तुटली, मी चिडलो. आज रुचिताचा स्टुडिओतला पहिला दिवस.

मी म्हणालो, सोडायला येतो. ती म्हणाली, "बाबा, मी एकवीस वर्षांची आहे." मी म्हणालो, मला त्याच बाजूला काम आहे. काम काहीही नव्हतं, ऑफिस बरोबर उलट्या दिशेला. तिलाही ते माहीत होतं.

मेट्रोत दोघांना शेजारी जागा मिळाली. यमुनेचा पूल येईपर्यंत ती फोनमध्ये आपलीच कामं बघत होती, मग फोन पिशवीत टाकला. हात मांडीवर घट्ट धरलेले.

"बाबा, नाही जमलं तर?"

प्रत्येक प्रश्नाला मला काहीतरी नियम आठवतो. रजेचा, बढतीचा, अपिलाचा. ह्याला एकही आठवला नाही. 

"नाही जमलं," मी म्हणालो, "तर दोघं मिळून चिडू."

ती इतक्या मोठ्याने हसली की समोरच्या बाईंनी वर बघितलं. पुढच्या स्टेशनवर ती उतरली. दार लागेपर्यंत मी बघत होतो, ती मागे न वळता भराभर जिन्याकडे गेली.

ऑफिसात पोचलो तेव्हा अर्धा दिवस संपला होता. मशीनवर अंगठा लावला, तिने लाल दिवा दाखवला. अर्धी रजा कापली जाणार.

कापू देत.